बल्क अपडेटमध्ये काही नोंदी राहून जातात त्या का, आणि त्या शोधायच्या कशा

२२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सुट्या भागांवरचा जीएसटी १८ टक्के झाला. त्याआधी त्यातले बरेच भाग २८ टक्क्यांत होते. ट्रॅक्टरचे ठरावीक भाग तर १८ वरून ५ टक्क्यांवर आले. कोल्हापुरात उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव या पट्ट्यात असे भाग बनवणारे आणि विकणारे गल्लोगल्ली आहेत, आणि त्यातल्या अनेकांचा कॅटलॉग आता ऑनलाइन असतो. समजा, अशाच एका विक्रेत्याचं काम तुमच्याकडे आहे आणि कॅटलॉगमध्ये चाळीस हजार पार्ट आहेत. डेटाबेसमध्ये दर बदलणं एखाद-दुसऱ्या क्वेरीचं काम. पण गिऱ्हाईक शोधाच्या पेटीत 'बॉल जॉइंट' टाइप करतं तेव्हा उत्तर येतं ते इलॅस्टिकसर्च या शोधयंत्राच्या इंडेक्समधून, म्हणजे शोधासाठी वेगळ्या ठेवलेल्या डेटाच्या प्रतीतून. तिथल्या नोंदी वेगळ्या बदलाव्या लागतात, आणि त्या शेकड्यांच्या गठ्ठ्यांनी बल्क विनंत्या करून बदलायच्या असतात. स्क्रिप्ट चालते, शेवटी 'पूर्ण' असं छापते. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानातून फोन येतो: "साहेब, बुशला नवा दर दाखवतंय, पण बॉल जॉइंट अजून जुन्याच दरानं दिसतोय की ओ!"

त्या फोननंतर कुठल्या क्रमाने काय बघायचं, ते इथे लिहिलं आहे. नुकतंच कॉलेज संपवून इथल्या छोट्या कंपन्यांत कामाला लागलेली मुलंमुली डोळ्यांसमोर आहेत. डेटाबेस येतो, पायथॉन येतं, पण सर्च इंडेक्सशी पहिल्यांदाच गाठ पडली आहे, असं गृहीत धरलं आहे. तुमच्याकडे ओपनसर्च असेल तरी यातलं बहुतेक सगळं लागू पडेल, कारण ते २०२१ मध्ये इलॅस्टिकसर्चच्या ७.१० आवृत्तीतूनच निघालं आहे. आज्ञांची आणि फील्डची नावं मी देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना ती अर्थातच इंग्रजीत करायची.

आधी स्क्रिप्ट पुन्हा चालवण्याचा मोह आवरा

फोन आला की हात आपोआप तीच आज्ञा पुन्हा चालवायला जातो. थांबा. चाळीस हजारांतल्या ज्या नोंदी बदलल्या नाहीत त्यांचं कारण तुम्हाला अजून माहीत नाही, आणि ते डेटात असेल तर दहा वेळा चालवूनही त्याच नोंदी तशाच राहतील. शिवाय पहिल्या फेरीचं उत्तर लॉगमध्ये असेल तर दुसरी फेरी ते पुसून टाकू शकते. आधी ते लॉग वेगळ्या नावाने जपून ठेवा.

आता बल्कचा मूळ स्वभाव समजून घ्या, कारण निम्मा गोंधळ तिथेच होतो. डेटाबेसच्या ट्रान्झॅक्शनमध्ये सगळं होतं किंवा काहीच होत नाही. बल्क विनंतीत तसं काही नाही. पाचशे नोंदी पाठवल्या तर त्या पाचशे स्वतंत्र कामं आहेत. चारशे ऐंशी होतील, वीस नापास होतील, आणि तरीही पूर्ण विनंतीला एचटीटीपीचा २०० हाच कोड मिळेल. २०० चा अर्थ एवढाच की विनंती पोचली, वाचता आली आणि तिच्यातल्या प्रत्येक कामाचा निकाल तयार झाला. जी स्क्रिप्ट फक्त हा कोड बघून 'पूर्ण' छापते तिच्यावर विश्वास ठेवू नका.

खरा निकाल उत्तराच्या आत असतो. वरच 'एरर्स' नावाचं फील्ड असतं. ते 'ट्रू' असेल तर किमान एक नोंद नापास आहे. त्याखाली 'आयटम्स' ही यादी असते, आणि तिचा क्रम तुम्ही पाठवलेल्या कामांच्याच क्रमाने असतो. प्रत्येक आयटममध्ये आयडी, स्टेटस आणि नापास असेल तर 'एरर' असतं. त्यात 'टाइप' म्हणजे चूक कुठल्या जातीची ते आणि 'रीझन' म्हणजे सविस्तर कारण. उत्तर फार मोठं येत असेल तर फिल्टर-पाथ लावून फक्त एरर मागवता येतो, पण सोबत आयडी आणि स्टेटसही मागा. नुसता एरर मागवला तर यशस्वी नोंदी गळून जातात, क्रम हातातून जातो आणि कुठली चूक कुठल्या पार्टची हे कळायला मार्ग उरत नाही.

इलॅस्टिकसर्चच्या पायथॉन लायब्ररीत हेल्पर्स आहेत, त्यातलं 'बल्क' फंक्शन वापरत असाल तर आणखी एक गोष्ट. नापास नोंद असलेला पहिला गठ्ठा आला की ते मूळ सेटिंगनुसार एक्सेप्शन फेकतं आणि थांबतं. पुढचे गठ्ठे जातच नाहीत. कुणीतरी बाहेर ट्राय-एक्सेप्ट लावून तो एक्सेप्शन गिळला असेल तर बाहेरून सगळं शांत दिसतं आणि अर्धा कॅटलॉग जुनाच राहतो. 'रेझ ऑन एरर' फॉल्स करा, आणि मग जी चुकांची यादी परत मिळते ती फाइलमध्ये लिहा. ही दोन्ही कामं जोडीने करायची. नुसतं फॉल्स केलं तर चुका आणखी खोल गाडल्या जातात. 'पॅरलल बल्क' वापरत असाल तर ते जनरेटर आहे हे ध्यानात ठेवा. त्यावर लूप फिरवला नाही तर एकही नोंद जात नाही, आणि चूकही दिसत नाही.

चुका जातीप्रमाणे मोजा

चुकांची फाइल हातात आली की वरून खाली वाचत बसू नका. स्टेटस आणि टाइप या जोडीने मोजणी करा. पाच ओळींचा कोड पुरतो. हजारो चुका बहुतेक वेळा तीन-चार जातींच्याच निघतात आणि प्रत्येक जातीचा उपाय वेगळा असतो. मोजणीत सगळ्यात वर जी जात असेल तिथून सुरुवात करा.

मोजणी करण्याजोगं काहीच हाती नसेल, म्हणजे पूर्ण विनंतीच ४०० देऊन परत आली असेल, तर चूक मांडणीत आहे. बल्कचा मजकूर हा एक जेसन नसतो. एका ओळीत काय करायचं ते, पुढच्या ओळीत डेटा, असं ओळीओळीने जातं. म्हणून एक नोंद एकाच ओळीत हवी. वाचायला बरं दिसावं म्हणून जेसन चार ओळींत पसरलं की सगळं बिघडतं. शेवटच्या ओळीनंतरही नवी ओळ लागते. ती नसेल तर सर्व्हर तसं स्पष्ट सांगतो. कर्लने फाइल पाठवताना साधा 'डॅश डी' वापरला तर तो ओळींचे शेवट काढून टाकतो, तिथे 'डेटा-बायनरी' वापरायचं. डिलीटच्या कामाला दुसरी ओळ नसते. अपडेटच्या कामात डेटा थेट न देता 'डॉक'च्या आत द्यावा लागतो. तसा दिला नाही तर अनोळखी फील्ड असल्याची तक्रार येते. आणि जुन्या ट्युटोरियलमधून उचललेल्या कोडमध्ये 'टाइप' हा पॅरामीटर असेल तर ८ व्या आवृत्तीपासून तो चालत नाही, काढून टाका.

४००: डेटाच पटत नाही

कोल्हापुरातल्या छोट्या उद्योगांच्या कॅटलॉगमध्ये सगळ्यात जास्त भेटणारी जात हीच, कारण डेटा जवळजवळ नेहमी एक्सेलमधून आलेला असतो. एररचा टाइप 'मॅपर पार्सिंग एक्सेप्शन' किंवा नव्या आवृत्त्यांत 'डॉक्युमेंट पार्सिंग एक्सेप्शन' असा दिसतो. त्याचं रीझन नीट वाचायला शिका, त्यात सगळं असतं. मराठीत सांगायचं तर ते असं असतं: 'बीजे-०४१७' या आयडीच्या नोंदीत 'प्राइस' हे फ्लोट जातीचं फील्ड वाचता आलं नाही, तिथे आलेली किंमत '१,२५०.००'. नोंद कुठली, फील्ड कुठलं, अपेक्षा काय आणि आलं काय, चारही गोष्टी एका वाक्यात. दोष त्या स्वल्पविरामाचा. एक्सेलमध्ये आकडा देखणा दिसावा म्हणून कुणीतरी फॉरमॅट लावला आणि निर्यात करताना तो मजकूर म्हणून बाहेर आला.

असेच इतर नमुने ओळखून ठेवा. किमतीच्या रकान्यात 'फोन करा' लिहिलेलं असतं. तारीख २२/०९/२०२५ अशी असते, आणि इंडेक्सला मूळ सेटिंगनुसार २०२५-०९-२२ अशी हवी असते. तारखेचा रकाना रिकामा असेल तर रिकामी स्ट्रिंगही चालत नाही. 'नल' पाठवा किंवा ते फील्डच पाठवू नका. सीएसव्ही एक्सेलमधून यूटीएफ-८ मध्ये जतन केली तर पहिल्या रकान्याच्या नावाआधी न दिसणारं एक चिन्ह चिकटू शकतं. मग 'पार्ट नंबर' हे फील्ड डोळ्यांना दिसतं पण कोडला सापडत नाही. पायथॉनमध्ये फाइल उघडताना एन्कोडिंग 'यूटीएफ-८-सिग' दिलं की हा त्रास जातो.

पार्ट नंबरचे तर एक्सेल फार हाल करतं. '००४१७' चे ४१७ होतात. '१२ई५' असा नंबर शास्त्रीय पद्धतीचा आकडा समजून बारा लाख करून टाकला जातो. ३/८ इंची बोल्टचं माप तारीख होऊन बसतं. पंधरापेक्षा जास्त अंकी नंबर असेल तर शेवटचे अंक शून्य होतात. हे एकदा झालं की मूळ किंमत त्या फाइलमधून परत मिळत नाही. म्हणून पार्ट नंबरचा रकाना उघडण्याआधीच 'टेक्स्ट' म्हणून आयात करायचा, आणि शक्य असेल तर एक्सेलला मध्ये न घेता डेटा थेट बिलिंगच्या सॉफ्टवेअरमधून काढायचा.

पण काही वेळा डेटा स्वच्छ असतो आणि इंडेक्सच चुकीच्या पायावर उभा असतो. तुम्ही मॅपिंग, म्हणजे कुठलं फील्ड कुठल्या जातीचं याची यादी, दिलं नाही तर इलॅस्टिकसर्च पहिल्या नोंदीवरून फील्डची जात ठरवतं. पहिल्या पार्टचा नंबर जेसनमध्ये ४१७ असा आकडा म्हणून गेला तर ते फील्ड 'लाँग', म्हणजे पूर्णांकाचं, झालं. मग 'बीजे-०४१७' आला की नापास. आधीच्या फील्डची जात नंतर बदलता येत नाही. नवा इंडेक्स करा, मॅपिंग स्वतः लिहा, जुन्यातून रीइंडेक्स करा, म्हणजे नोंदी नव्यात उतरवा, आणि एलियस, म्हणजे इंडेक्सचं टोपणनाव, नव्याकडे वळवा. थोडं कष्टाचं आहे, पण हे काम एकदाच करावं लागतं, आणि दर सणाला नवा दर येणाऱ्या धंद्यात ते केलेलं बरं.

याच पायाच्या दोषाचा एक प्रकार चूक दाखवतच नाही, आणि म्हणून मला तो सगळ्यात धोक्याचा वाटतो. समजा 'सीजीएसटी' (जीएसटीतला केंद्राचा निम्मा वाटा) या फील्डमध्ये पहिल्यांदा १४ गेले, म्हणून ते लाँग झालं. २८ चे १८ झाल्यावर १४ चे ९ झाले, काही बिघडलं नाही. पण ट्रॅक्टरच्या ज्या भागांवर आता ५ टक्के आहे त्यांचा सीजीएसटी अडीच टक्के. लाँगच्या फील्डला २.५ पाठवलं तर इलॅस्टिकसर्च मूळ सेटिंगनुसार ते नाकारत नाही, दशांश कापून २ धरतं. नोंद उघडली तर २.५ च दिसतं, कारण दाखवला जातो तो तुम्ही पाठवलेला मूळ मजकूर. फिल्टर, क्रमवारी आणि बेरजा मात्र २ वर चालतात. दराची आणि किमतीची फील्ड आज लाँग आहेत का, हे मॅपिंग उघडून लगेच बघा. तशी असतील तर बाकी चुका सोडवण्याआधी हे दुरुस्त करा.

४०४ आणि ४०९: नोंद सापडत नाही, किंवा दोघांनी एकदम धरली

अपडेटला ४०४ आला तर त्या आयडीची नोंद इंडेक्समध्ये नाही. नव्याने आलेले लोक इथे लगेच 'डॉक ॲज अपसर्ट' चालू करतात, म्हणजे नोंद नसेल तर नवी तयार होते आणि चूक बंद होते. आधी ती का नाही ते बघा. एक्सेलमध्ये सुरुवातीची शून्यं गळाली असतील तर '००४१७' जागेवरच राहील, शेजारी '४१७' नावाची नवी अर्धवट नोंद उभी राहील, आणि गिऱ्हाइकाला एकच पार्ट दोनदा दिसेल, एकदा जुन्या दराने आणि एकदा नव्या.

आयडी म्हणून मराठी नावं वापरली असतील तर आणखी एक कारण तपासा. 'दुसऱ्या गिअरचा पिनियन' यातला 'ऱ्या' वेगवेगळ्या कीबोर्डवर वेगवेगळ्या कोडने टाइप होतो. कुठे एकच 'ऱ' असतो, कुठे र आणि नुक्ता असे दोन कोड, तर कुठे साधा र आणि मध्ये न दिसणारं जोडचिन्ह. स्क्रीनवर तिन्ही सारखेच दिसतात, इंडेक्सला ते तीन वेगळे आयडी वाटतात. युनिकोडच्या एनएफसी पद्धतीने मजकूर एकसारखा केला तर पहिले दोन जुळतात, जोडचिन्हाचा प्रकार मात्र स्वतः बदलावा लागतो. शिवाय आयडीला ५१२ बाइटची मर्यादा आहे आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं, म्हणजे १७० चिन्हांतच ती संपते. नाव शोधायला ठेवा, आयडीला पार्ट नंबरच घ्या.

४०९ म्हणजे तुम्ही नोंद वाचून लिहीपर्यंत दुसऱ्या कुणीतरी ती बदलली. दोन वर्कर (नोंदी पाठवणाऱ्या प्रोसेस) एकाच वेळी चालत असतील, किंवा दुपारी स्क्रिप्ट चालू असतानाच दुकानातून कुणी स्टॉक बदलत असेल, तर हे होणारच. अपडेटच्या कामाच्या ओळीत 'रीट्राय ऑन कॉन्फ्लिक्ट' ३ वगैरे ठेवलं की बहुतेक मिटतात. 'क्रिएट'ला ४०९ आला तर त्याचा अर्थ वेगळा: ती नोंद आधीपासून आहे.

४२९ आणि ४१३: सर्व्हरला झेपत नाही

४१३ म्हणजे एकच विनंती फार मोठी. मूळ मर्यादा १०० एमबी आहे, पण तिथपर्यंत जायची गरजच नसते. पाचशे ते हजार नोंदी आणि दहा एमबीच्या आत, इथून सुरुवात करा, आणि वेळ मोजत हळूहळू वाढवा.

४२९ बघितल्यावर टाइप जरूर वाचा. 'रिजेक्टेड एक्झिक्युशन' असेल तर लिहिण्याची रांग भरली आहे. वर्कर कमी करा आणि थांबून पुन्हा पाठवा. आधी दोन सेकंद, मग चार, मग आठ. पायथॉनच्या हेल्परमध्ये हे आहे, पण 'मॅक्स रीट्राइज' मूळचं शून्य असतं, ते तुम्हीच द्यायचं. टाइप 'क्लस्टर ब्लॉक' असेल तर कितीही थांबून उपयोग नाही. डिस्क ९५ टक्क्यांच्या वर भरली की इलॅस्टिकसर्च त्यावरचे इंडेक्स फक्त वाचण्यापुरते ठेवतं. जुन्या आवृत्त्यांत हीच चूक ४०३ म्हणून येते. छोट्या कंपन्यांत एकाच सर्व्हरवर डेटाबेसचे बॅकअपही पडलेले असतात, ते हलवा. ७.४ पासून डिस्क ९० टक्क्यांच्या खाली आली की कुलूप आपोआप निघतं, त्याआधीच्या आवृत्तीत ते सेटिंग हाताने काढावं लागतं.

चूक एकही नाही, तरी दर जुनाच

बदललेली नोंद आयडीने मागवली तर लगेच नवी मिळते, शोधात मात्र रिफ्रेश, म्हणजे नवे बदल शोधाला खुले करण्याचं काम, झाल्यावर दिसते. तो मूळ सेटिंगनुसार सेकंदाला होतो. मोठा डेटा चढवताना वेग यावा म्हणून कुणी रिफ्रेश इंटरव्हल उणे एक केला असेल आणि परत पूर्ववत केला नसेल, तर नव्या नोंदी शोधात येत नाहीत. उत्तरात 'नूप' दिसत असेल तर तुम्ही पाठवलेला डेटा आधीच्यासारखाच होता. म्हणजे डेटाबेसमध्येच दर बदललेला नाही. 'इंडेक्स' हे काम किंवा अपसर्ट वापरत असाल आणि इंडेक्सच्या नावात एखादं अक्षर चुकलं तर चूक न येता त्या नावाचा नवा इंडेक्स तयार होतो आणि तुमचा सगळा डेटा तिकडे जातो. इंडेक्सची यादी काढून अनोळखी नाव आहे का ते बघा. आणि 'अपडेट'ऐवजी 'इंडेक्स' हे काम वापरून फक्त दर पाठवला असेल तर नोंदीत तेवढा दर उरतो, नाव-किंमत-फोटो सगळं जातं. तसं झालं असेल तर लगेच डेटाबेसमधून पूर्ण नोंदी पुन्हा चढवा.

ज्यांचा दर २८ आहे त्यांचा १८, असा एकाच नियमाचा बदल असेल तर पुढच्या वेळी 'अपडेट बाय क्वेरी' बघा. नोंदी पाठवाव्याच लागत नाहीत. मात्र वाटेत कॉन्फ्लिक्ट आला की ते थांबतं आणि तोवरचे बदल तसेच राहतात, म्हणून 'कॉन्फ्लिक्ट्स प्रोसीड' द्या आणि शेवटी किती सुटले ते आकड्यात वाचा. कुठल्या एचएसएनला (मालाच्या जीएसटी कोडला) कुठला दर, हे त्यांच्या सीएकडून लेखी घ्या, स्वतः ठरवू नका.

पुन्हा पाठवा, फक्त राहिलेल्या

कारणं दुरुस्त झाली की नापास नोंदींचीच नवी फाइल करा आणि तेवढीच पाठवा. ४२९ आणि ४०९ वाल्या जशाच्या तशा जाऊ शकतात, ४०० वाल्या दुरुस्त करूनच. मग इंडेक्सवर मोजणी चालवा: जुना दर असलेल्या किती उरल्या, नवा असलेल्या किती, आणि दोन्हींची बेरीज डेटाबेसशी जुळते का. जुळली की ज्या पार्टवरून फोन आला होता तो स्वतः शोधून बघा.

काही नोंदी तुमच्याच्याने सुटणार नाहीत. 'फोन करा' लिहिलेल्या रकान्यात किंमत काय टाकायची, हे दुकानाचे मालकच सांगू शकतात. अशा नोंदींची यादी त्यांना व्हॉट्सॲपवर पाठवा: पार्ट नंबर, पार्टचं नाव, सध्या रकान्यात काय आहे आणि तुम्हाला त्यांच्याकडून काय हवं. पार्ट नंबरचा रकाना तेवढा टेक्स्टमध्ये ठेवून पाठवा, म्हणजे ती फाइल भरून परत येताना शून्यं शाबूत येतील.